स्पाइकिंग न्यूरॉनची चिप आणि क्वांटम संगणक यांची सांगड नेमकी कुठे बसते?

प्रश्न
ट्रूनॉर्थ किंवा लोइहीसारख्या, मेंदूच्या धर्तीवर बनवलेल्या चिपमधील कृत्रिम न्यूरॉन येणाऱ्या स्पाइक (क्षणिक विद्युत स्पंद) साठवत जातो आणि साठ्याने उंबरठा ओलांडला की स्वतः एक स्पाइक सोडून पुन्हा शून्यावर येतो. त्या न्यूरॉनच्या जागी क्यूबिट (क्वांटम संगणकातील माहितीचे मूलभूत एकक) बसवल्यास दोन्ही तंत्रांचे फायदे एकत्र मिळतील, असे वारंवार वाचनात येते. हे तत्त्वतः शक्य आहे का?

प्रतिसाद १
ही कल्पना दोन ठिकाणी अडते. शून्यावर येताना न्यूरॉन आपला पूर्वेतिहास पुसून टाकतो, तर क्यूबिटवरील क्रिया, मापन वगळता, उलटवता येण्याजोग्या असाव्या लागतात. शिवाय एकच स्पाइक असंख्य जोडण्यांना जशीच्या तशी वाटली जाते. अज्ञात क्वांटम अवस्थेची मात्र प्रत काढताच येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झाले आहे.

प्रतिसाद २
प्रतीचा मुद्दा निर्विवाद आहे, पण पहिला आक्षेप जरा ताणलेला वाटतो. व्हिएन्नातील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलेल्या क्वांटम मेमरिस्टरमध्ये (मेमरिस्टर म्हणजे आधी काय घडले ते लक्षात ठेवून वागणारा घटक) प्रकाशाचा काही भाग मोजला जातो आणि त्या मोजणीनुसार उरलेल्या प्रकाशाची वाटणी बदलते. म्हणजे पूर्वेतिहासावर अवलंबून असणारे वर्तन क्वांटम उपकरणात आणता येते. त्यापासून संपूर्ण जाळे उभारणे ही अर्थात फार पुढची गोष्ट झाली.

प्रतिसाद ३
माझ्या मते न्यूरॉनच्या जागी क्यूबिट बसवण्यापेक्षा न्यूरॉनने क्यूबिटचा शेजारी व्हावे. त्रुटी-दुरुस्तीत क्यूबिटची पुन्हापुन्हा तपासणी करावी लागते. गूगलच्या विलो या क्वांटम चिपवर अशी एक फेरी सुमारे १.१ मायक्रोसेकंदात पूर्ण होते. दर फेरीत बहुतेक निकाल आधीसारखेच असतात आणि दखल घ्यायची ती थोड्याशा बदलांची, त्यामुळे काही घडले तरच जागे होणारे स्पाइकिंग हार्डवेअर या कामाला स्वभावतःच जुळते. उष्णतेचे गणितही अनुकूल दिसते: क्यूबिटच्या १० ते २० मिलिकेल्विन (निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या) थंडीत मोजके मायक्रोवॉटच परवडतात, पण ४ केल्विनच्या टप्प्यावर साधारण एक वॉट चालून जातो, आणि ट्रूनॉर्थ अवघ्या ७० मिलिवॉटवर चालत असे.

खरी अडचण वेगाची आहे. ट्रूनॉर्थच्या घड्याळाचा एक ठोका एक मिलिसेकंदाचा, म्हणजे तेवढ्यात तपासणीच्या जवळजवळ हजार फेऱ्या उलटून जातात. म्हणून मला जोसेफसन जंक्शनचे (दोन अतिवाहकांमधील, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या पदार्थांमधील, पातळ सांध्याचे) न्यूरॉन अधिक आशादायक वाटतात. विद्युतप्रवाहाने ठरावीक मर्यादा ओलांडली की असे जंक्शन काही पिकोसेकंदांची स्पाइक आपोआप सोडते आणि ते ४ केल्विनलाच काम करते. मात्र जोडण्यांचे भार (कोणती जोडणी किती प्रभावी, ते सांगणारे आकडे) तिथे दाटीवाटीने साठवता येईल अशी अतिवाहक स्मृती अजून हाताशी नाही, आणि काम अडले आहे ते तिथेच.