फोर्तालेझा: फ्रीझरमध्ये नको, मीठ-लिंबूही नको

फोर्तालेझा या मेक्सिकन टकीलाची ब्लांको, म्हणजे पिंपात न मुरवलेली टकीला, फ्रीझरमध्ये ठेवून मीठ-लिंबासोबत एका घोटात घ्यावी, असं काही जण सुचवतात. ही टकीला तरी तशी वाया घालवू नका! टकीला बनवणाऱ्या साउझा घराण्याच्या पाचव्या पिढीने मेक्सिकोतल्या टकीला गावात जुन्या पद्धतीने चालवलेलं हे काम आहे. आपल्या घायपाताच्या कुळातल्या निळ्या आगावेचे गड्डे विटांच्या भट्टीत वाफवतात आणि ताओनाखाली चिरडतात. ताओना म्हणजे चुन्याच्या घाणीत फिरतं तसं दगडी चाक. त्यातून येणारा वाफवलेल्या गड्ड्याचा गोडसर, किंचित मातकट वास बर्फगार केल्यावर दबतो.

निमुळत्या तोंडाच्या ग्लासात ३० मिली ओता, दहा मिनिटं तशीच राहू द्या. व्हिस्कीसारखी जोरात घुसळू नका, अल्कोहोलची वाफ नाकात चढते आणि बाकी काही कळत नाही. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवा. पहिला घोट अगदी छोटा, जिभेवर फिरवून गिळायचा. खरी चव दुसऱ्या घोटाला कळते.

पालोमा हे टकीलाचं कॉकटेल करायचंच असेल तर ५० मिली ब्लांको, १५ मिली लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि १२० मिली ग्रेपफ्रूट सोडा. सोडा शेवटी घाला. अन्येहो, म्हणजे पिंपात मुरवलेली टकीला, त्यात नको, पिंपाची चव आंबटपणात हरवते.