लाउडन की फेअरफॅक्स? दोन लहान मुलं, सहा महिने आजी आणि टायसन्सचं ऑफिस

दोन_पिल्लांची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही सध्या न्यू जर्सीत एडिसनला आहोत. नवऱ्याचं ऑफिस जुलैपासून व्हर्जिनियात टायसन्सला जातंय, आठवड्यातून तीन दिवस जावंच लागणार, माझं काम घरूनच. लेक ऑगस्टमध्ये पाच वर्षांची होईल, मुलगा चौदा महिन्यांचा, आणि सासूबाई दरवर्षी मिरजेहून सहा महिने आमच्याकडे असतात. बजेट ८ लाख डॉलरच्या आसपास.

दोन घरं बघून आलो. एक लाउडन काउंटीत, ॲशबर्नला ब्रॅम्बल्टनमध्ये, टाउनहाउस, दहा वर्षांपूर्वीचं, सगळं चकाचक. दुसरं फेअरफॅक्स काउंटीत हर्नडनजवळ, १९७८ चं स्प्लिट लेव्हल (अर्ध्या-अर्ध्या मजल्यांचं घर), किचन जुनाट आहे पण मागे एवढं मोठं ओकचं झाड की लेक त्याच्याखालून हलायलाच तयार नव्हती. माझा कल ॲशबर्नकडे आहे आणि कारण सरळ आहे, प्रॉपर्टी टॅक्स. २०२५ चा दर लाउडनमध्ये १०० डॉलरला ०.८०५ आणि फेअरफॅक्समध्ये १.१२२५, म्हणजे ८ लाखांच्या घराला वर्षाचे ६,४४० विरुद्ध ८,९८०. अडीच हजारांचा फरक आहे हो! नवरा म्हणतो टॅक्स बघून घर घेऊ नये. गेले पंधरा दिवस रोज रात्री मुलं झोपली की आमचा हाच वाद. तिथे राहणाऱ्यांनी खरं खरं सांगा.

ॲशबर्नकर
ताई, बिनधास्त ॲशबर्न घ्या. आम्ही नऊ वर्षं ब्रॅम्बल्टनमध्ये आहोत. टॅक्स तर आहेच पण मी दुसरी गोष्ट सांगतो, संध्याकाळी साडेपाचला आमच्या गल्लीत बाहेर या, दहा-बारा पोरं सायकली घेऊन असतात, त्यातली निम्मी तुमच्या लेकीच्या वयाची. प्लेडेट ठरवायला मेसेज करावा लागत नाही, पोरं दार वाजवतात आणि घेऊन जातात. गुढीपाडव्याला आमच्या एका रांगेत चार गुढ्या होत्या. लायब्ररी टाउन सेंटरमध्येच, स्ट्रोलर ढकलत जाता येतं. एचओएच्या (म्हणजे सोसायटीच्या मेंटेनन्सच्या) पैशात इंटरनेटसुद्धा येतं. आणि दर अजून खाली येतोय कारण डेटा सेंटर्स टॅक्स भरतात, आपल्याला कमी भरावा लागतो.

रेस्टनवासी
मी आधी चार वर्षं ॲशबर्नला काढली आणि मग फेअरफॅक्समधल्या रेस्टनला आलो, त्यामुळे दोन्हीकडचं बघून बोलतोय. ताई तुमच्या हिशोबात एचओए धरलेलाच नाही. तिथल्या टाउनहाउसला महिन्याला २०० च्या वर सहज जातो, इंटरनेट वजा केलं तरी टॅक्समध्ये वाचलेल्यातला निम्मा तिथे गेला. मग टोल. टायसन्सहून डलस टोल रोड दोन्ही घरांना लागेल पण ॲशबर्नला जायचं तर पुढे ग्रीनवे, तो खासगी रस्ता आहे, एका बाजूचे ५ डॉलरच्या वर. तीन दिवस, जाऊन-येऊन, वर्षभर, करा गुणाकार, दीड हजार होतात.

पण माझा मुद्दा पैशाचा नाहीच. आमचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता, डेकेअर सहाला बंद व्हायचं आणि सहानंतर दर मिनिटाला दंड. हिवाळ्यातले दिवस, मी पावणेपाचला ऑफिसातून निघायचो आणि टोल वाचवायला रूट ७ धरला की स्टर्लिंगला गाडी जागेवरच. एकदा सहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो तर तो कोट, टोपी घालून दाराशी बसला होता, शेजारी टीचर, बाकी खोलीतले दिवे बंद. रडत नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाला, "सगळे गेले." त्या वर्षीच घर विकायला काढलं.

ॲशबर्नकर
@रेस्टनवासी वाचून वाईट वाटलं, पण दादा ते मेट्रो यायच्या आधीचं ना? सिल्व्हर लाइन नोव्हेंबर २०२२ ला ॲशबर्नपर्यंत आली. आता टायसन्सला गाडीच न्यायची गरज नाही, पहिल्याच स्टेशनवर बसायला जागा मिळते, थेट टायसन्सला उतरायचं. मी स्वतः दोन दिवस जातो. वॉशिंग्टन डीसीला जायचं तर तासभर तरी लागतो हे मान्य, पण ताईंच्या घरचं ऑफिस टायसन्सलाच आहे.

रेस्टनवासी
मेट्रो चांगलीच आहे, मी नाही म्हणत नाही. पण ब्रॅम्बल्टनहून स्टेशनपर्यंत गाडीच काढावी लागते, मग पार्किंग, मग पंधरा-वीस मिनिटं आधीचं गणित. हर्नडन स्टेशन त्याच लाइनवर आहे आणि टायसन्सच्या कितीतरी जवळ. जी सोय तुम्ही सांगताय ती हर्नडनला आहेच, वर वेळ अर्धा. चौदा महिन्यांचं बाळ साडेसातला झोपतं हो. बाप सव्वासहाला आला तर त्याला आंघोळ घालतो, सव्वासातला आला तर बाळाचे डोळे मिटलेले असतात.

विदर्भी_दादा
डेटा सेंटर टॅक्स भरतात म्हणून खूश होणाऱ्यांनी तो टॅक्स कशावर आहे तेही बघावं. मुख्य उत्पन्न आतल्या कॉम्प्युटर आणि सर्व्हरवरच्या टॅक्सचं आहे. ती यंत्रं जुनी झाली की किंमत उतरते, नवीन आली की चढते. म्हणजे काउंटीचं बजेट एकाच धंद्यावर उभं. काउंटीला पण ते कळतंय, मार्च २०२५ मध्ये बोर्डाने नियम बदलला, आता जागा आहे म्हणून आपोआप डेटा सेंटर बांधता येत नाही, प्रत्येक अर्ज बोर्डासमोर यावा लागतो. आणि एवढी वीज लागते तर तारा कुठून तरी जाणारच. लाउडन व्हॅली इस्टेट्सचे लोक हाय व्होल्टेज लाइन जमिनीखालून न्या म्हणून लढतायत, त्यात आपले देशी लोक पुष्कळ आहेत. ताईंनी घर घेण्याआधी मागे कुठला प्लॉट रिकामा आहे, त्यावर काय मंजूर आहे, ते काउंटीच्या नकाशावर बघाच. एजंट आपणहून सांगणार नाही.

ॲशबर्नकर
तारांचा विषय गंभीर आहे हे मीपण मानतो, मी स्वतः सह्या केल्यात. पण त्यासाठी सगळी काउंटीच नको म्हणणं पटत नाही. तो पैसा शाळांना जातोय, डोळ्यांनी दिसतंय, इमारती नव्या, मैदानं नवी.

शाळेतली_मावशी
शाळांबद्दल मी बोलते, दोन्ही काउंटीत सबस्टिट्यूट टीचर म्हणून काम केलंय. आधी एक महत्त्वाचं. पत्त्यावर जाऊ नका! साउथ रायडिंगला पत्ता शँटिली म्हणून येतो आणि शँटिली म्हटलं की लोकांना फेअरफॅक्स वाटतं, पण साउथ रायडिंग लाउडनमध्ये आहे. फेअरफॅक्स सिटी तर काउंटीत येतच नाही, व्हर्जिनियात सिटी वेगळी असते. आणि तुमचं हर्नडनचं घर टाउनच्या हद्दीत आहे की बाहेर ते विचारलंत का? टाउनमध्ये असेल तर काउंटीच्या टॅक्सवर टाउनचा टॅक्स वेगळा. लीसबर्गला पण तसंच. न्यू जर्सीहून येताय म्हणून सांगते, गाडीवर दरवर्षी टॅक्स दोन्ही काउंटीत आहे, तो बजेटमध्ये धरा.

लेक ३० सप्टेंबरच्या आत पाच वर्षांची होतेय म्हणजे यंदाच किंडरगार्टनला जाईल. नंतर होणाऱ्या मुलांना थांबावं लागतं, तुमचं नशीब चांगलं. शाळा सुटल्यावरची सोय फेअरफॅक्समध्ये सॅक नावाने आहे, शाळेतच, काउंटी चालवते, फी उत्पन्नाप्रमाणे, पण वेटिंग लिस्ट लांब असते. लाउडनमध्ये कासा आहे. घर घ्यायच्या आधी त्या विशिष्ट शाळेत जागा आहे का ते फोन करून विचारा.

हद्दीचं म्हणाल तर लाउडनमध्ये नवीन शाळा उघडली की रेषा हलतात, आमच्या ओळखीत एका मुलाने घर न बदलता दोन प्राथमिक शाळा केल्या. फेअरफॅक्समध्येसुद्धा जवळपास चाळीस वर्षांनी सगळ्या काउंटीच्या हद्दी नव्याने तपासायला घेतल्या, आणि २०२५ मध्ये हर्नडनजवळ एका खासगी शाळेची इमारत नवीन हायस्कूलसाठी विकतही घेतली. त्यामुळे अमुक शाळा मिळेल म्हणून पन्नास हजार जास्त मोजायचे असतील तर मोजू नका, पाच वर्षांनी तीच शाळा असेल असं कुणीही लिहून देत नाही.

अनघा_के
पण टीजेचं काय? आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात टीजे पाहिजे तर फेअरफॅक्सच.

शाळेतली_मावशी
@अनघा_के हा गैरसमज काढून टाका. टीजे म्हणजे थॉमस जेफरसन, निवडून प्रवेश देणारं हायस्कूल, ते फेअरफॅक्समध्ये असलं तरी लाउडनची मुलंही अर्ज करतात आणि जातात, बसचा प्रवास लांबचा आहे एवढंच. शिवाय लाउडनची स्वतःची ॲकॅडमीज ऑफ लाउडन आहे, २०१८ पासून लीसबर्गला मोठं कॅम्पस. आणि अर्ज आठवीत करायचा असतो ग. या ताईंची मुलगी अजून झाडाखाली अकॉर्न वेचतेय, तिला वेचू द्या.

जुन्या_घराचा_मालक
झाडावरून आठवलं. फेअरफॅक्सची जुनी घरं फोटोत फार सुंदर दिसतात, मीपण त्यालाच भुललो. १९७८ म्हटलंत म्हणून लिहितोय, ७८ पासून पुढे सोळा-सतरा वर्षं इथे बऱ्याच घरांत पॉलिब्युटिलीनचे पाइप घातले, राखाडी रंगाचे, बोटाने वाकतात असे. ते आतून ठिसूळ होतात आणि एक दिवस भिंतीतून पाणी. आमच्याकडे थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री फुटला, बायको आठ महिन्यांची गरोदर, मी बेसमेंटमध्ये बादल्या उपसतोय. सगळे पाइप बदलायला ११,००० गेले, भिंती रंगवायचे वेगळे. ओकची मुळं सीवर लाइनमध्ये शिरतात ते अजून एक. इन्स्पेक्शन सोडू नका, सीवरचा कॅमेरा वेगळे पैसे देऊन करून घ्या. मी फेअरफॅक्स नको म्हणत नाहीये, वर्षाला अडीच हजारांपेक्षा हे आकडे मोठे आहेत एवढंच म्हणतोय. छोटं बाळ घरात असताना रिनोव्हेशन म्हणजे काय ते आम्हीच जाणतो.

मिरजेच्या_जवळची_काकू
मी कुरुंदवाडची, मुलाकडे ॲशबर्नला येऊन-जाऊन असते. एवढी चर्चा झाली पण सासूबाईंना कुणी विचारलं का ग? सहा महिने म्हणजे अर्धं वर्ष. मला गाडी येत नाही. पहिल्यांदा आले तेव्हा मुलगा फेअरफॅक्सला एका जुन्या वस्तीत भाड्याने होता, झाडं सुरेख, हरणं यायची अंगणात, पण फुटपाथच नव्हता आणि दिवसभर रस्त्यावर माणूस दिसायचं नाही. सकाळी साडेआठला सगळे गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि टीव्ही. दीड महिन्यात तिकीट बदलून परत गेले, मुलाला सांगितलं गुडघे दुखतात म्हणून.

आता इथे तळ्याभोवती पाच वाजता आम्ही सहा-सात जणी असतो. एक गुंटूरच्या आहेत, एक राजकोटच्या, भाषा एकमेकींची येत नाही पण हिंदीत भागतं, डबे एकमेकींकडे जातात. नातवाला मीच शाळेच्या बसला सोडते. मी आनंदात असते म्हणून सून निवांत काम करू शकते. हे टॅक्सच्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं. फक्त टाउनहाउसचे जिने चढून बघा, किचन दुसऱ्या मजल्यावर, झोपायचं तिसऱ्या. त्यांचे गुडघे खरंच दुखत असतील तर खाली एक खोली आणि बाथरूम आहे ना तेवढं बघा.

रेस्टनवासी
काकू, तुमचं म्हणणं पटलं. पण फेअरफॅक्स म्हणजे सगळीकडे तसं नाही. रेस्टन १९६४ पासून पायवाटा आखूनच वसवलंय, आमची आई डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवर रोज दोन मैल चालते, जुन्या रेल्वेच्या जागेवरचा सपाट रस्ता आहे, हर्नडनमधूनच जातो. पोरांना फ्राइंग पॅन फार्मला न्यायचं, गाई-डुकरं बघायला, तेही हर्नडनजवळच. माणसं मिळतात, फक्त पहिल्या महिन्यात आपण स्वतः बाहेर पडून शोधावी लागतात.

मिरजेच्या_जवळची_काकू
बाळा, इंग्रजी न येणाऱ्या बाईने माणसं शोधायची कशी?

दोन_पिल्लांची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं लिहिणं मी सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या जरा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मागच्या वेळी मी पण गुडघ्याचंच सांगितलं होतं." मला खरंच माहीत नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

गेल्या मंगळवारी आम्ही मुद्दाम सुट्टी घेऊन गेलो. संध्याकाळी ५:१० ला टायसन्सहून निघून टोलने ब्रॅम्बल्टन, ४८ मिनिटं. बुधवारी त्याच वेळेला निघून हर्नडनचं घर, २६. मंगळवारी मुलगा गाडीतच झोपला, बुधवारी जागा होता. पण हर्नडनच्या त्या गल्लीत आम्ही पाऊण तास उभे होतो, एक कुत्रा फिरवणारे आजोबा सोडले तर कुणी दिसलं नाही. आणि हो मावशी, घर टाउनच्या हद्दीतच आहे, म्हणजे टॅक्सचा फरक मी धरला त्याहून जास्त. पाइप राखाडीच निघाले.

तर ते घर सोडलं. काउंटी सोडलेली नाही. आता हर्नडन किंवा रेस्टनला, ट्रेलच्या आणि स्टेशनच्या जवळ, एक वर्ष भाड्याने राहायचं असं नवरा म्हणतोय.

ॲशबर्नकर
ताई, भाड्याने राहिलात तर लेकीची शाळा वर्षभरातच बदलेल. किंडरगार्टन एकीकडे, पहिली दुसरीकडे. आमच्या मोठ्याचं तसं झालं, पहिलीत तीन महिने वर्गात तोंड उघडलं नाही त्याने. विचार करा.

दोन_पिल्लांची_आई
तोच घोर लागलाय. म्हणून असं ठरवलंय की भाड्याचं घर ज्या शाळेच्या हद्दीत असेल त्याच हद्दीत पुढे विकत शोधायचं, नाहीच मिळालं तर मग ब्रॅम्बल्टन. सासूबाई जूनमध्ये येतायत. त्या आल्या की आधी त्यांना घेऊन काकूंच्या तळ्यावर यायचंय, पाच वाजता. काकू, चालेल ना?

मिरजेच्या_जवळची_काकू
ये ग. येताना त्यांना मिरजेहून भडंग आणायला सांग.