फ्रान्समधील कोंक : तीनशे वस्तीच्या गावात एवढे मोठे चर्च कशासाठी?

प्रश्न : कृष्णाकाठ (क्षेत्र माहुली, सातारा)

आमची मुलगी शिक्षणासाठी तुलूझ येथे असल्यामुळे गेल्या मे महिन्यात दक्षिण फ्रान्समधील कोंक या खेड्यात दोन दिवस राहण्याचा योग आला. आवेरों जिल्ह्यातील हे गाव रोदेझ या मुख्य शहराच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर, दुर्दू आणि ऊश या दोन लहान नद्यांच्या संगमावर आहे. आमचे घर कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळ असल्यामुळे संगमावरचे गाव म्हटले की मला घाट आणि नदीला लागून देवळे अपेक्षित असतात. तेथे मात्र नदी खोल दरीत आहे आणि वस्ती वर डोंगराच्या उताराला चिकटलेली आहे. गल्ल्या एवढ्या चढाच्या की एका घराचे जोते दुसऱ्याच्या छपराच्या पातळीवर येते. मूळ गावाची वस्ती तीनशेच्या आतबाहेर असावी, आणि तिच्या मधोमध सेंत-फ्वा या संत मुलीचे चर्च उभे आहे, ज्याचे छत आतून सुमारे २२ मीटर उंच आहे.

श्रावणात आमच्या वाचनालयात या प्रवासावर बोलायचे आहे आणि ऐकीव माहितीवर विसंबण्याची इच्छा नाही. एवढ्याशा गावात एवढे चर्च कशासाठी बांधले गेले? 'फ्रान्समधील पंढरपूर' हे शीर्षक योग्य ठरेल काय? शिवाय गावाखालच्या दगडी पुलाला तेथे 'रोमन पूल' म्हणतात. तो खरोखर रोमनकालीन आहे काय?

उत्तर : माणदेशी (दहिवडी)

शीर्षक बदलावे असे मला वाटते. मध्ययुगापासून युरोपातील यात्रेकरू स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे सेंट जेम्सच्या समाधीला पायी जात आले आहेत. फ्रान्समधून तिकडे जाणाऱ्या चार मुख्य वाटांपैकी एक ल प्वी या शहरातून निघते, आणि कोंक हा त्या वाटेवरचा मुक्काम आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम करत पुढे जाते. त्यामुळे आपल्याला तुलना करायचीच असेल तर ती या मुक्कामाच्या गावांशी करावी. तरडगाव हे काही पंढरपूर नव्हे.

चर्चच्या आकाराचे उत्तरही त्यातच आहे, कारण ही इमारत गावकऱ्यांच्या संख्येकडे पाहून बांधलेलीच नाही. बांधकाम अकराव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाले आणि बाराव्या शतकात बरेचसे पुरे झाले. मुख्य वेदीच्या मागून प्रदक्षिणामार्ग काढलेला आहे आणि त्याला लागून लहान लहान उपासनास्थाने आहेत, म्हणजे मठातील प्रार्थना चालू असतानाही बाहेरून आलेला जनसमुदाय अडथळा न करता दर्शन घेऊन पुढे सरकू शकत असे. रांगेची व्यवस्था दगडातच बांधून ठेवली होती, असे म्हणता येईल.

पूल रोमन नाही, मध्ययुगीन आहे. त्या प्रदेशाच्या जुन्या ऑक्सितान भाषेत रोमच्या यात्रेला जाणाऱ्याला आणि पुढे कोणत्याही यात्रेकरूला 'रुमिऊ' म्हणत. त्या शब्दाचा विसर पडल्यावर यात्रेकरूंचा पूल रोमनांचा झाला. आपल्याकडे कोणतेही जुने देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेले असते, तसाच हा प्रकार आहे. सांतियागोच्या फ्रान्समधील वाटांचा १९९८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यात कोंकचे चर्च आणि हा पूल यांची स्वतंत्रपणे नोंद आहे.

उत्तर : घाटमाथा (वाई)

माणदेशी यांचे पुलाविषयीचे म्हणणे मान्य आहे, मात्र कोंकला केवळ मुक्काम ठरवणे मला पटत नाही. सांतियागोच्या वाटेवर गर्दी वाढण्यापूर्वीच कोंक स्वतःच्या बळावर तीर्थक्षेत्र झाले होते, आणि ते कसे झाले ही कथा व्याख्यानात अवश्य सांगावी, कारण ती उघडउघड चोरीची कथा आहे.

आठव्या शतकाच्या अखेरीस दादों नावाचा एक विरक्त पुरुष या निर्जन दरीत येऊन राहिला आणि त्याच्याभोवती मठ उभा राहिला. दरीचा आकार शिंपल्यासारखा, म्हणून लॅटिनमधील 'कोंका' या शब्दावरून गावाला नाव मिळाले असे सांगतात. मठाला राजाश्रय मिळाला, परंतु लोकांना ओढून आणील असे दैवत त्याच्याकडे नव्हते. पश्चिमेकडील आजाँ शहरात मात्र फ्वा या मुलीच्या अस्थी होत्या. परंपरेनुसार तिला इ. स. ३०३ च्या सुमारास, जेमतेम बारा-तेरा वर्षांची असताना, रोमन देवतांना नैवेद्य दाखवण्यास नकार दिल्याबद्दल ठार करण्यात आले. कोंकच्या मठातील एक भिक्षू आजाँला जाऊन राहिला, अनेक वर्षे तेथे सेवा करून त्याने विश्वास संपादन केला, अस्थींच्या राखणीचे काम त्याच्याकडे आल्यावर एका रात्री त्या उचलल्या आणि कोंकला आणल्या. हे इ. स. ८६६ च्या सुमारास घडले. मठाने ही गोष्ट लपवली तर नाहीच, उलट अभिमानाने लिहून ठेवली. संताच्या इच्छेवाचून कोणी तिला हलवूच शकला नसता, ज्या अर्थी ती आली त्या अर्थी तिला कोंकलाच यायचे होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. भानुदास महाराजांनी विजयनगरहून विठ्ठलाची मूर्ती परत आणल्याची आपली परंपरा येथे आठवल्याशिवाय राहत नाही. फरक इतकाच की विठ्ठल आपल्या मूळ जागी परतला, फ्वा परक्या गावी गेली.

तिच्या अस्थींसाठी घडवलेली सुमारे ८५ सेंटिमीटर उंचीची मूर्ती आजही कोंकच्या खजिन्यात आहे : लाकडी गाभा, त्यावर सोन्याचे पत्रे, आणि शतकानुशतके भक्तांनी वाहिलेली रत्ने. मुखवटा मूर्तीपेक्षाही जुना, रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील आहे, त्यामुळे सिंहासनावर बसलेल्या त्या लहान देहावर डोके काहीसे मोठे दिसते. इ. स. १०१३ मध्ये आँजे येथील बर्नार हा विद्वान अध्यापक तेथे आला, तेव्हा सोन्याच्या मूर्तीपुढे लोटांगण घालणारे लोक पाहून त्याला हसू आले आणि त्याने तिची तुलना व्हीनस-डायना यांच्या मूर्तींशी केली. पुढे त्याला आपल्या बोलण्याचा पश्चात्ताप झाला आणि त्याने फ्वाच्या चमत्कारांच्या कथा परिश्रमपूर्वक लिहून काढल्या. तो फ्वासाठीच आला होता, हे माझ्या म्हणण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

उत्तर : जुना दगड (सांगली)

पंढरपूर की तरडगाव, हा वाद आपण दोघांनी चालू ठेवावा. मी दगडांविषयी लिहितो.

कोंकमधील घरांचा शिस्ट जातीचा थरांचा दगड आसपासच्या डोंगरातलाच आहे. आपल्या काळ्या पाषाणासारखा तो घडवता येत नाही, त्याच्या लाद्या निघतात, म्हणून भिंती लाद्या रचून आणि छपरे पातळ लाद्या एकमेकींवर चढवून केलेली आहेत. चर्चमध्ये तांबडा वालुकाश्म आणि पिवळा चुनखडकही आहे. बारीक कोरीव कामाला पिवळा दगड वापरल्यामुळेच पश्चिम दरवाजावरील अर्धवर्तुळाकार शिल्प इतके टिकले आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या शिल्पात अंतिम न्यायाच्या दिवसाचा देखावा असून एकूण १२४ आकृती आहेत. आत्म्यांचे वजन चालू असताना तराजूचे पारडे हळूच दाबणारा सैतान, गळ्यात पैशांची थैली अडकवून टांगलेला कंजूष, आणि या सर्वांवर, कमानीच्या कडेने एकेक डोके बाहेर काढून गंमत पाहणारे लोक. फ्वाच्या बाजूला छताला टांगलेल्या बेड्याही कोरल्या आहेत, कारण ती बंदिवानांना सोडवते अशी ख्याती होती आणि सुटलेले लोक आपल्या बेड्या आणून तेथे वाहत असत. नवस फेडण्याची ही रीत मला सोन्या-चांदीपेक्षा अधिक बोलकी वाटते.

फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची संपत्ती जप्त होऊन देशभरातील सोन्या-चांदीच्या वस्तू वितळवल्या गेल्या. कोंकचा खजिना वाचला तो गावकऱ्यांमुळे : त्यांनी वस्तू वाटून घेऊन घराघरांत लपवल्या आणि दिवस पालटल्यावर परत आणून दिल्या. मात्र याच गावाने मठाच्या पडक्या ओवऱ्यांचे दगड बांधकामासाठी उचलून नेले, हेही व्याख्यानात सांगावे. वाडे पाडून चिरे विकणारे आपले लोक काही जगावेगळे नव्हेत. १८३७ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक आणि प्रसिद्ध लेखक प्रोस्पेर मेरिमे पाहणीसाठी आला, तेव्हा अशा ओसाड प्रदेशात एवढे वैभव असेल अशी त्याची मुळीच कल्पना नव्हती. त्याच्या अहवालानंतर दुरुस्तीचे काम मार्गी लागले, आणि १८४० च्या संरक्षित वास्तूंच्या पहिल्या यादीत हे चर्च आले. दर्शनी बाजूचे दोन मनोरे आजच्या स्वरूपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरे झाले, त्यामुळे त्यांना मध्ययुगीन म्हणू नये.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

आपणा सर्वांचा मी आभारी आहे. शीर्षक रद्द केले असून 'चोरून आणलेली देवी' असे देण्याचा मोह होतो आहे, पण वाचनालयाच्या अध्यक्षांना ते रुचणार नाही. आणखी एक शंका : एवढ्या प्राचीन चर्चच्या खिडक्यांना रंगीत काचचित्रे नाहीत, नुसती दुधी काच आणि तिच्यावर काळ्या वक्र रेषा आहेत. काम अपुरे राहिले आहे, असे मला वाटले.

उत्तर : घाटमाथा (वाई)

काम अपुरे नाही. त्या खिडक्या पियेर सूलाज या चित्रकाराच्या आहेत. १९१९ मध्ये रोदेझ येथे जन्मलेला हा कलावंत काळ्या रंगाच्या चित्रांसाठी जगभर ओळखला गेला, आणि शाळकरी वयात कोंकचे चर्च पाहूनच आपण कलेकडे वळायचे ठरवले असे तो सांगत असे. १९८७ ते १९९४ या काळात त्याने तेथील १०४ लहानमोठ्या झरोक्यांसाठी काच सिद्ध केली. रंग न वापरता प्रकाश विखरून आत यावा यासाठी शेकडो प्रयोग करावे लागले आणि तुलूझच्या एका काचकारागिराने खिडक्या प्रत्यक्ष घडवल्या. दिवसाच्या वेळेनुसार ती काच कधी निळसर, कधी नारिंगी झाक धरते; आपण बहुधा ढगाळ दिवशी गेला असाल. आधीची चित्रमय काच काढून हे बसवल्याबद्दल गावात नाराजी होती, आणि मला ती समजू शकते, परंतु आत उभे राहिल्यावर दगडाचे तीन रंग वेगळे दिसतात ते या बिनरंगी काचेमुळेच.

उत्तर : माणदेशी (दहिवडी)

बर्नार फ्वासाठी आला होता हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. तरडगावची उपमा मी मागे घेतो. लोकसंख्या सांगताना मात्र एक काळजी घ्यावी. १ जानेवारी २०१६ पासून कोंक आणि शेजारची तीन गावे मिळून 'कोंक-आँ-रुएर्ग' अशी एकच ग्रामपंचायत झाली आहे, त्यामुळे नव्या आकडेवारीत चारही गावांची माणसे एकत्र मोजलेली दिसतील. आणि शिल्पाचे छायाचित्र दाखवणार असाल, तर आपल्या संग्रहातील दुपारनंतर काढलेले निवडावे. दरवाजा पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळच्या छायाचित्रात तो तराजू दाबणारा सैतान सावलीत हरवतो.