'सायकलचोर': एक की अनेक?

प्रश्न : इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिकाच्या १९४८ च्या चित्रपटाचं नाव मराठीत कुठे 'सायकल चोर', कुठे 'सायकलींचे चोर' असं दिसतं. नेमकं काय लिहावं?

– 'सायकलचोर', जोडूनच. समास आहे, तोडायचं कारण नाही.

मूळ नाव 'लाद्री दि बिचिक्लेत्ते'. दोन्ही नामं अनेकवचनी. एकच चोर असता तर 'लाद्रो' म्हटलं असतं. अमेरिकेत मात्र त्याचं 'द बायसिकल थीफ' झालं आणि गोम तिथेच हरवली. चित्रपटाचा नायक अंतोनिओ, त्याला रोममध्ये पोस्टरं चिकटवायची नोकरी मिळते, पण सायकल असेल तरच. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवते, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. पोराला घेऊन शहरभर हिंडून थकलेला अंतोनिओ शेवटी स्वतःच एक सायकल उचलतो, पोराच्या डोळ्यांदेखत पकडला जातो. चोर दोन झाले.

आता गंमत बघा. 'चोर आला', 'चोर आले': आपल्याकडे वचन क्रियापद सांगतं, नाम नाही. शीर्षकात क्रियापद नाही. त्यामुळे मराठी प्रेक्षक एकाच चोराची वाट बघत बसेल आणि दुसरा अवचित समोर येईल. इटालियन नाव हे आधीच फोडून बसलंय! 'सायकलींचे चोर' काटेकोर आहे खरं, पण पोलीस ठाण्यातली नोंद वाटते.

– मग दे सिकाच्याच १९४६ च्या 'शूशा'चं काय? 'बूटपॉलिश' चालेल?

– धंदा कळेल, शब्द जाईल. अमेरिकन सैनिकांचे बूट पुसणाऱ्या पोरांच्या तोंडी 'शूशाइन'चं 'शूशा' झालं, आपल्याकडे 'लॉर्ड'चा 'लाट' झाला तसं. 'शूशा'च ठेवावं.

– जाता जाता : या दोन्ही चित्रपटांच्या लेखनात असलेला चेझारे झावात्तिनी 'पेदिनामेन्तो' म्हणायचा. साध्या माणसाच्या मागे मागे कॅमेऱ्याने जायचं. मराठी लेखांत याला 'पाठलाग' म्हणू नये. पाठलाग पकडण्यासाठी करतात. 'पाळत' जवळची, कारण इटालियन शब्दही गुप्तहेरांचाच. पण तिच्यात संशय आहे. अंतोनिओ झालेला लाम्बेर्तो माज्जोरानी कारखान्यातला खराखुरा कामगार होता, त्याच्यावर कसला संशय? मी 'मागोवा' लिहितो.

– 'मागोवा' फार पुस्तकी. 'मागे मागे जाणं' पुरे की!