मदत हवी आहे: नुसत्या बीड्सनेच एमटीटी पडतंय, क्लोरपायरिफॉसचा परिणाम मोजू कसा?

परळची_पेशी
एसएच-एसवाय५वाय पेशी (माणसाच्या चेतापेशींच्या गाठीतून वाढवलेल्या), ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, क्लोरपायरिफॉस (कीटकनाशक) आणि पॉलिस्टायरीन बीड्स (प्लास्टिकचे सूक्ष्म मणी), २४ तास. नुसत्या बीड्सच्या वेलमध्ये एमटीटी (पेशी किती तगल्या याची रंग-चाचणी) ६० टक्क्यांवर, एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एंझाइम) मात्र कंट्रोलइतकंच. क्लोरपायरिफॉसने कोलिनेस्टरेज (हे विष ज्याला अडवतं ते चेतांमधलं एंझाइम) जेमतेम उतरतं, सोबत बीड्स घातले की तेवढंही नाही. बीड्स मारतात की वाचवतात? सोमवारी गाइडना आकडे दाखवायचेत, लवकर सांगा.

कलिना७२
बीड्स किती मायक्रॉनचे? मात्रा? मीडियात (पेशींच्या पोषक द्रावात) सीरम किती? पेशी रेटिनोइक ॲसिडवर डिफरन्शिएट (पक्व चेतापेशींसारख्या) केल्यात का? बाटलीवर प्रिझर्वेटिव्ह काय लिहिलंय? यातलं काहीच नाही तर सांगणार काय?

परळची_पेशी
१ मायक्रॉन, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. सीरम नेहमीचं १० टक्के. डिफरन्शिएट नाही केल्या. स्टॉक १० मिग्रॅ प्रति मिली, त्यात ०.१ टक्का सोडियम अझाइड. पण ते तर बऱ्याच बाटल्यांत असतं ना?

माटुंगा_केमिस्ट
असतं, आणि गोम तिथेच आहे. अझाइड मायटोकॉन्ड्रियातलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज (पेशीच्या श्वसनाचं एंझाइम) अडवतं. तुम्ही स्टॉक १०० पट पातळ केलात, तरी पेशींवर १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमोलर अझाइड पडतंय. एमटीटी चयापचय मोजतं, एलडीएच पेशीचा पडदा फाटल्यावर बाहेर येतं. तुमचे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात: चयापचय मंदावलाय, पडदा शाबूत आहे.
बीड्स सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर १० मिनिटं फिरवा. वरचं पाणी फेकू नका, तेवढ्याच प्रमाणात पातळ करून तेच कंट्रोल म्हणून लावा. त्यानेही एमटीटी पडलं तर दोष बीड्सचा नाही. खालचा गोळा निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा, बाथ सोनिकेटरमध्ये ५ मिनिटं ठेवा आणि गुठळ्या राहिल्यात का ते मायक्रोस्कोपखाली बघूनच वापरा.

ठाणे_लोकल
एमटीटी सोडूनच द्या. त्याचा रंग ५७० नॅनोमीटरला मोजतात, तिथे बीड्स प्रकाश विखुरतात, आकड्याला अर्थ राहत नाही.

कलिना७२
विखुरण्याने आकडा वाढतो, इथे तो कमी झालाय. त्यामुळे हे कारण लागू नाही. पेशींशिवाय फक्त बीड्सचा ब्लँक मात्र हवाच. आणि एलडीएचवरही डोळे मिटून विसंबू नका. एंझाइम बीड्सना चिकटलं तर खोटंच कमी दिसतं. माहीत असलेलं एलडीएच बीड्ससोबत ठेवून परत किती मिळतं ते तपासा.

दादर_मंडई
मग भाज्यांवरची कीटकनाशकं कशाने जातात? घरी लहान मुलं आहेत.

ठाणे_लोकल
१ लिटर पाण्यात १० ग्रॅम खायचा सोडा, १५ मिनिटं बुडवून नंतर नळाखाली चोळून धुवा. पृष्ठभागावरचं बरंच जातं, सालीच्या आत मुरलेलं जात नाही. क्लोरपायरिफॉस पाण्यात फारसं विरघळत नाही, तेव्हा नुसतं खळबळून भागत नाही.

कलिना७२
भाजीसाठी वेगळा धागा काढा, इथलं अर्धवट राहिलंय. कोलिनेस्टरेज न उतरण्याचं कारण: क्लोरपायरिफॉस स्वतः त्या एंझाइमला फार कमी अडवतं. यकृतातलं सायटोक्रोम पी४५० त्यातल्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसवतं, आणि असा बनलेला ऑक्सॉन कोलिनेस्टरेजला घट्ट बसतो. या पेशींत ते रूपांतर नगण्य. त्यात १० टक्के सीरम! गाईच्या भ्रूणाच्या सीरममध्ये स्वतःचं ॲसिटिलकोलिनेस्टरेज असतं. ते ऑक्सॉन गिळतं आणि एलमन पद्धतीत (कोलिनेस्टरेज रंगावरून मोजण्याच्या) ४१२ नॅनोमीटरला पार्श्वभूमीही वाढवतं. ऑक्सॉन घ्या, डोस सीरमशिवाय द्या, पेशी फोडण्याआधी पीबीएसने (क्षारांच्या बफरने) तीनदा धुवा. ऑक्सॉन फार विषारी आहे, काम फ्यूम हूडमध्येच.

माटुंगा_केमिस्ट
ऑक्सॉनशी मी सहमत नाही. मेंदूच्या वाढीच्या काळातली हानी कोलिनेस्टरेज फारसं न उतरताही दिसते, म्हणून मूळ क्लोरपायरिफॉसच ठेवून न्यूराइट्सची (पेशीतून फुटणाऱ्या तंतूंची) लांबी मोजा.

कलिना७२
डिफरन्शिएट न केलेल्या पेशींत लांबी कसली मोजणार? आधी १० मायक्रोमोलर रेटिनोइक ॲसिड, १ टक्का सीरम, ५ ते ७ दिवस, बाटलीला फॉइल गुंडाळून. सोमवारच्या आत होत नाही.

माटुंगा_केमिस्ट
मान्य, पण पुढच्या फेरीत तरी कराच. बीड्स ‘वाचवतात’ त्याचंही सांगतो. क्लोरपायरिफॉस तेलकट वृत्तीचं, पॉलिस्टायरीनवर चिकटून बसतं. बीड्सवर बसतं तसंच प्लेटच्या भिंतीवर आणि पिपेटच्या टिपमध्येही, कारण प्लेटही पॉलिस्टायरीनचीच. स्टॉक काचेच्या व्हायलमध्ये करा, डीएमएसओ (विद्रावक) ०.१ टक्क्याच्या वर नको. शिवाय १ मायक्रॉनचा बीड १०० मायक्रोलिटर मीडियाच्या ३ मिमी उंचीतून तळाला पोचायला जवळपास दिवस घेतो. २४ तासांत पेशींना तुम्ही ठरवलेला पूर्ण डोस मिळतच नाही.

परळची_पेशी
ऑक्सॉन आत्ता हाताशी नाही. सोमवारपर्यंत काय होईल तेवढंच सांगा.

कलिना७२
फक्त अझाइडचा प्रश्न निकालात काढा. आज बीड्स धुवा, उद्या प्लेट लावा: नुसता मीडिया, बीड्सवरचं पाणी, न धुतलेले बीड्स, धुतलेले बीड्स, आणि पेशींशिवाय बीड्स. कडेच्या वेलमध्ये पेशी नकोत, पीबीएस भरा, तिथलं पाणी आधी उडतं. एमटीटी ०.५ मिग्रॅ प्रति मिली, ३ तास. क्लोरपायरिफॉसचा आकडा सोमवारी दाखवूच नका.