मदत हवी आहे: नमपाय २ वर गेल्यापासून पावसाची बेरीज चुकतेय

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथल्या रोजच्या पावसाच्या नोंदींवर काम करणारी एक छोटी पायथन लायब्ररी मी सांभाळतो. ती आजवर नमपाय (पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी, कोडमध्ये एनपी) १.२६ वर होती, आता २ वर नेतोय.

सोपं होतं ते उरकलं. एनपी.प्रॉडक्टच्या जागी प्रॉड, मोठ्या अक्षरांतल्या नॅनच्या (म्हणजे 'आकडा नाही' या खुणेच्या) जागी लहान. रफ या कोड तपासणाऱ्या टूलचा एनपीवाय२०१ नियम लावला की हे सगळं हुडकून मिळतं. सायथनचा (वेगासाठी सीमध्ये कंपाईल होणारा) भागही २ वर पुन्हा बिल्ड केला, तोच १.२६ वरही चालतो, हे बरं झालं.

घोळ वेगळाच आहे. एरर एकही नाही, पण तीस वर्षांची बेरीज जुळत नाही, दशांशानंतरचे आकडे हलतात. दोन रात्री घालवल्यावर गावलं: लूपमध्ये बेरीज ०.० पासून सुरू होते आणि तिच्यात फ्लोट३२ (३२ बिटांचे, कमी अचूक दशांश आकडे) ॲरेतला एकेक आकडा मिळवला जातो. पूर्वी उत्तर फ्लोट६४ (जास्त अचूक, पण दुप्पट जागा घेणारं) व्हायचं, आता नेप ५० च्या, म्हणजे नमपायच्या प्रकार ठरवण्याच्या नव्या नियमानं फ्लोट३२ च राहतं. सुरुवातच एनपी.फ्लोट६४(०) नं केली की जुळतं.

पण अशा जागा कोडमध्ये किती असतील देव जाणे! रफला त्या दिसत नाहीत. तुम्ही त्या कशा शोधल्या? की फाईल वाचतानाच सगळं फ्लोट६४ करून टाकू? माझ्या लॅपटॉपची रॅम ४ जीबीच आहे, म्हणून हात धजत नाही.