केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) उतरणीला लागला आहे. घरातल्या पिल्लाला किती दिवस दूर ठेवावे?

नमस्कार. आम्ही नागपूरला महालात राहतो. आमची बर्फी ही ७ वर्षांची पांढरी स्पिट्झ. भाचीच्या लग्नाला अमरावतीला गेलो असताना तिला ४ दिवस एका बोर्डिंगमध्ये ठेवले होते. घरी आणल्यावर पाचव्या दिवशी पहाटे तिला कोरडी ढास लागली. मान पुढे ताणून, पाय फाकवून ती अशी खोकत होती की, घशात हाडच अडकले असे समजून सासूबाईंनी जबडा उघडून आत पाहिले. शेवटी थोडा पांढरा फेस पडला आणि ती शेपूट हलवत वाटीकडे गेली.

डॉक्टरांनी श्वासनलिकेवर बाहेरून हलकेच दाबताच तसाच खोकला आला. ताप नव्हता, छाती मोकळी होती. त्यांनी केनेल कफ सांगून १० दिवस डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिले आणि गोळी जेवणाबरोबर द्या, पण दूध-दह्यातून नको, असे बजावले. (बर्फीची प्रत्येक गोळी आजवर दहीभातातूनच जात होती, म्हणून हे मुद्दाम लिहिते.) गळपट्टा काढून हार्नेस घातला आहे आणि तिच्या खोलीत उदबत्ती लावणे बंद केले आहे.

आज सोळावा दिवस. दिवसा ती खोकत नाही. मात्र पहाटेच्या गारठ्यात किंवा दाराची घंटा वाजली की दोन-तीन वेळा ढास येतेच. माझी खरी काळजी वेगळी आहे. तळमजल्यावर दिरांकडे १० आठवड्यांचे लॅब्राडोरचे पिल्लू आले असून त्याला लसीचा एकच डोस मिळाला आहे, आणि जिना व अंगण दोन्ही घरांचे एकच आहे. बर्फीला त्याच्याजवळ कधी जाऊ द्यावे? शिवाय दरवर्षी लस देऊनही तिला हा आजार कसा झाला? कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

प्रतिसाद:

ताई, माझ्या बीगलला दोन वर्षांपूर्वी हेच झाले होते. नेहमीच्या सेव्हन-इन-वन लशीत पॅराइन्फ्लुएंझा आणि अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूंपासूनचे संरक्षण असते, पण या आजारात बहुधा सापडणाऱ्या बोर्डेटेला जिवाणूची लस वेगळी असते, म्हणून लस घेतलेले कुत्रेही आजारी पडते. बोर्डेटेलाची लस नाकात थेंब घालून देतात किंवा टोचतात. टोचायची असेल तर पहिल्यांदा काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, त्यामुळे पुढच्या वेळी बोर्डिंगच्या बऱ्याच आधी डॉक्टरांशी बोला.

खोकला थांबला तरी जंतू काही आठवडे बाहेर पडत राहू शकतात. आम्ही शेवटच्या खोकल्यानंतर पूर्ण दोन आठवडे मोजले होते. तुमच्याकडे तर एवढे लहान पिल्लू आहे, तेव्हा त्याहून कमी करू नका. दोघांची भांडी वेगळी ठेवा, अंगणात वेगवेगळ्या वेळी सोडा आणि बर्फीला हाताळल्यावर हात धुऊन, कपडे बदलूनच खाली जा.

पिल्लू खोकू लागले आणि त्याबरोबर ताप, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड किंवा डोळ्यांत चिपडे दिसली, तर त्याच दिवशी दाखवा, कारण ते डिस्टेंपर (कुत्र्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार) किंवा न्यूमोनियाही असू शकते. बर्फीची ढास आणखी आठवडाभरात गेली नाही, तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिचा एक्स-रे काढून घ्या. स्पिट्झसारख्या लहान जातींत श्वासनलिका चपटी होण्याचा त्रास असतो आणि तो खोकला ऐकायला अगदी असाच वाटतो.